धारवाडचा अर्ज, १८५६ : शाळाप्रवेशाचा निर्णय आणि त्याची जबाबदारी

इ. स. १८५६ च्या जून महिन्यात मुंबई सरकारपुढे एक अर्ज आला. धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला होता. तो देण्यात यावा, एवढीच अर्जातील विनंती होती. सरकारने विचार केला आणि २१ जुलै १८५६ रोजी ठराव प्रसिद्ध करून ती विनंती अमान्य केली. एका मुलाच्या शाळाप्रवेशाचे हे प्रकरण पुढे कलकत्त्यास हिंदुस्थान सरकारकडे आणि तेथून लंडनला कंपनीच्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सपर्यंत गेले. अखेरचे उत्तर येण्यास १८५८ चा एप्रिल उजाडला.

मुंबई इलाख्याच्या शिक्षणेतिहासात या प्रकरणाचा उल्लेख बहुधा अस्पृश्यतेचा एक दाखला म्हणून येतो, आणि ते योग्यच आहे. तथापि त्या पत्रव्यवहारात आणखी एक प्रश्न गुंतलेला आहे. त्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. न्याय कोणत्या बाजूस आहे याविषयी मुंबई, कलकत्ता व लंडन या तिन्ही ठिकाणी मतभेद नव्हता. मतभेद होता तो निर्णय कोणी घ्यावा आणि त्याचे परिणाम कोणी सोसावेत याविषयी. ही जबाबदारी वरून खाली सरकत अखेर शाळेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मास्तरापर्यंत कशी येऊन पोचली, हे पाहिल्यावाचून त्यानंतरच्या सत्तर वर्षांचा इतिहास नीट उलगडत नाही.

धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यात होते. ज्या शाळेविषयी अर्ज होता ती मिशनची किंवा खाजगी मंडळींची नव्हती, सरकारी होती. ही गोष्ट महत्त्वाची आहे. १९ जुलै १८५४ च्या सुप्रसिद्ध वुडच्या खलित्याने शिक्षण हे सरकारचे कर्तव्य ठरविले होते. त्या खलित्यास अनुसरून १८५५ मध्ये मुंबईस शिक्षण खाते निर्माण झाले आणि जुने बोर्ड ऑफ एज्युकेशन बंद झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्याच्या ५ तारखेस, म्हणजे खलित्याच्याही आधी काही आठवडे, कोर्ट ऑफ डायरेक्टर्सने एका पत्रात केवळ जातीच्या कारणावरून कोणत्याही मुलास सरकारी शाळा-कॉलेजात प्रवेश नाकारू नये असे तत्त्व सांगितले होते. हे वर्ष १८५४ चे. म्हणजे धारवाडच्या अर्जाचा विचार झाला तेव्हा तत्त्व नव्याने शोधावयाचे नव्हते. ते सापडलेले होते. प्रश्न होता तो फक्त लागू करण्याचा.

ठरावाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. आरंभी प्रश्न व्यवहारदृष्ट्या अतिशय अवघड असल्याचे सरकार नमूद करते. पुढे, तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूस आहे याविषयी शंका नाही, असे स्पष्ट म्हणते. ज्या पूर्वग्रहांमुळे त्याला धारवाडच्या शाळेचा लाभ घेता येत नाही ते लवकरच नाहीसे होतील अशी आशाही व्यक्त करते. आणि मग शब्दांचा ओघ वळतो. युगानुयुगे चालत आलेल्या समजुतींमध्ये एका किंवा थोड्या व्यक्तींसाठी तडकाफडकी हस्तक्षेप केल्यास शिक्षणाच्या कार्याचीच मोठी हानी होण्याचा संभव आहे. अर्जदाराची अडचण या सरकारने उत्पन्न केलेली नाही, आणि त्याच्या बाजूने हात घालून सरकारला ती एकाएकी दूरही करता येत नाही, असा शेवट आहे.

या ठरावात ढोंग नाही. उलट, अर्जदाराच्या बाजूने न्याय आहे हे इतक्या सरळपणे मान्य करून त्याला परत पाठविणारा दुसरा सरकारी कागद त्या काळात शोधावा लागेल. परंतु मान्यतेनंतरची दोन विधाने तपासली पाहिजेत. अडचण आम्ही निर्माण केली नाही, हे पहिले. जातिभेद कंपनी सरकारने निर्माण केला नाही हे खरे. पण शाळा कंपनी सरकारने काढली होती, तिच्या मास्तराचा पगार सरकारी तिजोरीतून जात होता, आणि प्रवेश नाकारण्याचे कृत्य सरकारी नोकराच्या हातून घडले होते. समाजातील रूढी आणि संस्थेचा नकार या दोन गोष्टी ठरावाने एक करून टाकल्या. रूढी जुनी होती, नकार नवा होता. गावच्या खाजगी पंतोजीच्या शाळेत महाराचे मूल जाऊच शकत नव्हते. सरकारी शाळेच्या दाराशी मात्र ते हक्काने उभे राहू शकले, आणि तेथे त्याला नाही म्हणण्यास सरकारलाच तोंड उघडावे लागले.

दुसरे विधान हिशेबाचे आहे. एका बाजूस एक मुलगा, दुसऱ्या बाजूस अनेक. हाच हिशेब पुढे कलकत्त्याहून विचारणा झाल्यावर मुंबई सरकारने अधिक उघडपणे मांडला. उच्च जातींची मुले असलेल्या शाळेत प्रवेश मागण्यास आजवर पुढे आलेला हा एकटाच महार आहे. त्या एकासाठी शाळा बहुसंख्य लोकांना निरुपयोगी होण्याचा धोका पत्करणे बरोबर नाही, असा त्याचा आशय होता. वरवर पाहता युक्तिवाद व्यवहारी वाटतो. पण तो स्वतःभोवतीच फिरतो. मुलगा एकटा आहे म्हणून त्याला घ्यावयाचे नाही. आणि त्याला घेतले नाही म्हणजे दुसरा येणार नाही, तेव्हा पुढचाही एकटाच राहणार. ज्या एकटेपणाच्या आधारावर नकार दिला गेला तो एकटेपणा नकारानेच टिकवून धरला जात होता. शंभर मुलांनी एकाच वेळी अर्ज केला असता तर सरकारने काय केले असते, हा प्रश्न त्या कागदांत कोठेही विचारलेला नाही. बहुधा उत्तर असे आले असते की, एवढ्या मोठ्या संख्येने शाळेचा कायापालट होईल, म्हणून त्यांच्यासाठी निराळी शाळा काढावी. पुढे तसेच घडले.

मुंबई सरकारवर एवढा आरोप ठेवल्यावर त्याच्या बाजूचेही ऐकून घेतले पाहिजे. धोका काल्पनिक नव्हता. इलाख्यातील सरकारी शाळांचा विस्तार नुकताच सुरू झाला होता. गावकरी इमारतीसाठी वर्गणी देत, मुलांची फी भरत, आणि मन विटले तर मुले काढूनही घेत. अस्पृश्य मूल वर्गात आले की इतरांची मुले शाळेतून उठून जाणे ही पुढील साठ-सत्तर वर्षांतही ठिकठिकाणी घडलेली गोष्ट आहे. शिक्षण खात्याचे यश पटावरील संख्येने मोजले जात असता पट घसरू देणे कोणाही अधिकाऱ्यास जड गेले असते. म्हणून मुंबई सरकारचा दोष धोका ओळखला हा नव्हे. धोका सगळा अर्जदाराच्या माथी मारून आपण स्वतः त्यातील काहीच पत्करले नाही, येथे तो दोष आहे. शाळा ओस पडली असती तर सरकारचे काही रुपये आणि काही प्रतिष्ठा गेली असती. प्रवेश नाकारल्याने मुलाचे शिक्षण गेले.

या धोरणाची मुळे तीस वर्षे मागे जातात. माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन याने मुंबईचा गव्हर्नर असताना १८२३ च्या डिसेंबरात लिहिलेल्या शिक्षणविषयक टिपणात याची चर्चा आहे. मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या जातींतील मुले उत्तम विद्यार्थी असल्याचे आढळते, हे तो मान्य करतो. परंतु अशा लोकांना खास उत्तेजन देताना सावध असले पाहिजे, कारण आपली शिक्षणपद्धती प्रथम त्यांच्यातच रुजली तर ती त्यापुढे कधी पसरणार नाही, आणि ज्ञानात वरचढ पण इतरांच्या तिरस्कारास पात्र असा एक वर्ग तेवढा निर्माण होईल, असे त्याचे म्हणणे होते. एल्फिन्स्टनच्या उदारपणाविषयी महाराष्ट्रात पुष्कळ लिहिले गेले आहे व ते निराधार नाही. पण या टिपणाने घालून दिलेली सावधगिरी खात्याच्या अंगवळणी पडली. १८५६ मध्ये मुंबईचा गव्हर्नर होता लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन, म्हणजे माउंटस्ट्युअर्टचा पुतण्याच.

आणि तरीही मुंबई सरकारला दुसरा अनुभव अगदी जवळ, पुण्यातच, उपलब्ध होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि १८५२ च्या सुमारास महार-मांग आदी मुलांसाठी शाळा सुरू केल्या. त्याच वर्षी, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, पुण्याच्या विश्रामबागवाड्यात सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला होता. या शाळेतील मुक्ता नावाच्या मांग विद्यार्थिनीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त छापून आला होता. म्हणजे ही मुले शिकू शकतात की नाही हा प्रश्न सरकारपुढे शिल्लक नव्हता. फरक इतकाच की पुण्यातील शाळा निराळ्या होत्या. त्यांमुळे कोणाच्या मांडीला मांडी लागत नव्हती. जे सरकार निराळ्या शाळेच्या चालकाला शालजोडी देत होते तेच चार वर्षांनी आपल्या शाळेचे दार उघडण्यास कचरत होते. सहानुभूती आणि जबाबदारी या दोन वस्तू एकमेकींपासून किती दूर राहू शकतात, याचे हे उदाहरण आहे.

कलकत्त्याहून २३ जानेवारी १८५७ चे जे पत्र आले ते मोठे मासलेवाईक आहे. मुंबई सरकार या बाबतीत शहाणपणाने वागले असणे पुष्कळच संभवनीय आहे, असे गव्हर्नर जनरल-इन-कौन्सिलला वाटते. मात्र बंगाल इलाख्यातील कोणत्याही सरकारी शाळेत त्या मुलाला प्रवेश नाकारला गेला नसता, हे कळविणे इष्ट आहे, असा त्याचा भावार्थ. पहिल्या अर्ध्यात पाठ थोपटावी आणि दुसऱ्या अर्ध्यात चिमटा काढावा, असे हे पत्र आहे. अर्थात, उलट हुकूम मात्र त्यात नाही. मुंबईने हे वाचून आपली बाजू पुन्हा मांडली आणि प्रकरण विलायतेस गेले.

बंगालची ही बढाई निर्भेळ होती असे नाही. खुद्द कलकत्त्याच्या सरकारी संस्कृत कॉलेजात फक्त ब्राह्मण व वैद्य यांनाच प्रवेश मिळे. ईश्वरचंद्र विद्यासागर १८५१ च्या आरंभी तेथे प्राचार्य झाले. त्याच वर्षी त्यांनी कायस्थांना आणि १८५४ मध्ये प्रतिष्ठित म्हणविल्या जाणाऱ्या सर्व हिंदूंना कॉलेज खुले करविले. कॉलेजातील पंडितांचा विरोध होता; तो पत्करून, वरिष्ठांकडे स्वतःच्या सहीने शिफारस पाठवून त्यांनी हे केले. 'प्रतिष्ठित' या शब्दाशी ते थांबले, त्यापुढे गेले नाहीत. त्यांच्या मर्यादेची नोंद केली पाहिजे. पण धारवाडशी तुलना करताना असे दिसते की, कलकत्त्यात निर्णयावर एका माणसाचे नाव आहे. विरोध कोणाकडे न्यावा हे विरोधकांना ठाऊक होते. धारवाडच्या प्रकरणात मुलाला नाही म्हणणारा कोण, हे एका नावाने सांगता येत नाही. मास्तर सरकारकडे बोट दाखवितो, सरकार समाजाकडे, आणि समाज परंपरेकडे.

जुन्या काळच्या निर्णयांना आजच्या मूल्यांचे माप लावू नये, असा आक्षेप अशा विवेचनावर नेहमी घेतला जातो. येथे तो लागू पडत नाही. मुंबई सरकारच्या निर्णयाला चूक ठरविणारे त्याच काळात होते, आणि ते त्याचेच वरिष्ठ होते. २८ एप्रिल १८५८ च्या खलित्यात कोर्ट ऑफ डायरेक्टर्सने निर्णय दिला : सरकारच्या शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी खुल्या असाव्यात असाच आमचा हेतू आहे, मूलतः योग्य आणि पाळणे अत्यंत महत्त्वाचे असलेले हे तत्त्व आम्हांला सोडता येत नाही. त्याच्या अंमलबजावणीने काही मुले शाळा सोडून जाणे अशक्य नाही, हेही त्यांनी मान्य केले. परंतु ज्यांना हे पटत नसेल त्यांनी आपल्या वर्गण्या परत घ्याव्यात व त्या पैशातून आपल्यापुरत्या शाळा काढाव्यात, असे त्यांनी सुचविले. मुंबईच्या हिशेबाला हे नेमके उत्तर होते. वेगळेपणा ज्याला हवा त्याने त्याची किंमत द्यावी. ती प्रवेश मागणाऱ्याकडून वसूल करू नये.

या उत्तराची वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. १८५७ चा उठाव अद्याप पुरता शमलेला नव्हता. खुद्द धारवाड जिल्ह्यात नरगुंदच्या संस्थानिकाने मे १८५८ च्या अखेरीस उठाव केला. लोकांच्या धर्मात व रूढींत ढवळाढवळ केल्याने हे अरिष्ट ओढवले, असे बोलणारे इंग्रज थोडे नव्हते. अशा वेळी सावधगिरीचे धोरण कोर्टाला सहज पुढे करता आले असते. ते त्याने केले नाही. मात्र कोर्टाचेच दिवस भरत आले होते. त्याच वर्षी कंपनीचा कारभार संपला, आणि १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्याने धर्माच्या बाबतीत हस्तक्षेप न करण्याचे अभिवचन दिले. तत्त्व एका मालकाने सांगितले आणि त्याची अंमलबजावणी दुसऱ्याच्या कारकिर्दीत व्हावयाची, असा योग जुळून आला.

मुंबई सरकारने तत्त्व स्वीकारले, पण वाटून स्वीकारले. सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व प्रजाजनांस भेदभावाविना खुल्या राहतील, असे ठरले. ज्या शाळांचा खर्च अंशतः स्थानिक वर्गणीदार उचलतात व ज्यांना अशा प्रवेशास हरकत आहे, तेथे खालच्या जातींची मुले घालण्याचा मात्र सरकारचा विचार नाही. तरीसुद्धा जातीच्या किंवा वंशाच्या कारणाने कोणास वगळणाऱ्या अशा शाळेचे साहाय्य बंद करण्याचा पूर्ण अधिकार सरकार राखून ठेवीत आहे, असेही सांगण्यात आले. अधिकार राखून ठेवणे आणि तो वापरणे यांत केवढे अंतर असते हे कचेरीच्या कारभाराशी परिचय असलेल्यास सांगावयास नको. ज्या शाळांत बहुसंख्य मुले जात त्यांपैकी पुष्कळ या दुसऱ्या वर्गात मोडत होत्या. कोर्टाने वर्गणीदारांना आपले पैसे घेऊन बाहेर पडण्याची मोकळीक दिली होती. मुंबईच्या नियमाने त्यांना शाळेतच ठेवले आणि त्यांच्या वर्गणीला नकाराचा अधिकार जोडून दिला.

येथून पुढे निर्णयाचा भार मास्तरावर येऊन पडला. त्याची स्थिती कशी होती याची कल्पना करणे कठीण नाही. तो बहुधा उच्च जातीचा, पगार तुटपुंजा, बिऱ्हाड त्याच गावात. त्याच्याकडे वरून आलेला नियम असे की शाळा सर्वांस खुली आहे. पण आलेल्या मुलाला कोठे बसवावे, त्याची पाटी कशी तपासावी, पाणी कोणी घालावे, मुले उठून गेली तर पट घसरल्याचा ठपका कोणावर, यांविषयी लेखी काहीच नसे. तपासनीस वर्षातून एकदा येई आणि हजेरी मोजून जाई. नियम मोडला तर कागदावर दोष. नियम पाळला तर गावाशी वैर आणि पटावर परिणाम. दोन्हींतून काढलेली वाट म्हणजे शाळेची पडवी. मुलाचे नाव पटावर, मुलगा वर्गाबाहेर. दारातून किंवा खिडकीतून जे ऐकू येईल ते शिक्षण. कागदावर तत्त्व पाळले गेले, गावात रूढी पाळली गेली आणि मास्तराची नोकरी टिकली. या तडजोडीत मास्तरांची वैयक्तिक निष्ठुरता मुळीच नव्हती असे म्हणता येणार नाही. ती होती, आणि पुष्कळ ठिकाणी उघड होती. पण ज्याच्या हाती सर्वांत थोडा अधिकार त्याच्याकडून सर्वांत मोठ्या धैर्याची अपेक्षा ठेवणारी व्यवस्था वरच्यांनी उभी केली होती, हेही तितकेच खरे आहे.

चोवीस वर्षांनी याचा जमाखर्च समोर आला. सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली १८८२ मध्ये नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे मुंबई इलाख्याचे जे आकडे आले, त्यांत १८८१-८२ मध्ये प्राथमिक शाळांतील ब्राह्मण विद्यार्थी ६३,०७१ आणि खालच्या म्हणून गणलेल्या जातींचे विद्यार्थी २,८६२ होते; हे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी, ०.८७, भरते. माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांत ही संख्या १७ वर आली होती. कॉलेजात एकही नव्हता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी आयोगास दिलेल्या निवेदनात आकड्यांमागील वस्तुस्थिती आहे. इतरांशेजारी बसू दिले जात नसल्याने खेड्यांतील महार-मांग प्रत्यक्षात सर्व शाळांबाहेर आहेत. त्यांच्यासाठी निराळ्या सरकारी शाळा आहेत, पण त्या मोठ्या गावांतच. आणि पुण्यासारख्या ठिकाणी त्यांची वस्ती पाच हजारांहून अधिक असता शाळा एकच, हजेरी तिसाच्या आत, असे त्यांनी सांगितले.

आयोगाने १८५४ चे आणि १८५८ चे तत्त्व पुन्हा उचलून धरले. सार्वजनिक पैशावर पूर्णपणे चालणाऱ्या प्रत्येक संस्थेस ते लावावे, अशी शिफारस केली. मात्र ते योग्य त्या सावधगिरीने लावावे, असे शब्द जोडले. सावधगिरी म्हणजे काय, हे आयोगाने स्पष्टही केले : समजुतीने घेतल्यास जो सामाजिक बदल समाज हळूहळू स्वीकारील तो मास्तरांनी किंवा तपासनिसांनी बळेच घडवून आणण्याचा प्रयत्न करणे इष्ट नाही. या वाक्यात सबंध प्रश्नाची उलटापालट झालेली आहे. शाळेत येणाऱ्या मुलाला वर्गात बसविणे हा मास्तराचा नियमपालनाचा भाग. तो येथे मास्तराने समाजावर लादलेली सुधारणा ठरला. ज्याला पडवीची वाट सोडावीशी वाटत असेल अशा एखाद्या धीट मास्तराचे हात या वाक्याने बांधले. ज्याला ती सोडावयाची नव्हती त्याला आधार मिळाला. जोडीला, जेथे पुरेशी मुले असतील तेथे निराळ्या शाळांना उदारपणे उत्तेजन द्यावे, अशीही शिफारस होती. निराळ्या शाळांनी हजारो मुलांना अक्षरओळख करून दिली, ही गोष्ट क्षुल्लक नाही. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी त्याच सुमारास अशाच शाळा काढल्या व त्यांचा हेतू निःसंशय शुद्ध होता. परंतु जेथे निराळी शाळा निघाली तेथे सार्वजनिक शाळेच्या मास्तरापुढील प्रश्न न सुटताच संपला.

१९०० च्या नोव्हेंबरात भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. शाळा सरकारी, म्हणजे १८५८ च्या नियमातील पहिल्याच वर्गात बसणारी. प्रवेशास कोणी हरकत घेतली नाही. मुलगा मात्र घरून आणलेल्या गोणपाटावर इतरांपासून दूर बसे, आणि शिपायाने नळ सोडला तरच त्याला पाणी मिळे. शिपाई नसला तर तहान तशीच राही. हा वृत्तान्त आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. धारवाडच्या अर्जाला चव्वेचाळीस वर्षे उलटली होती. दार उघडले होते, पण दाराच्या आतील प्रत्येक गोष्ट, बसण्याची जागा आणि पाण्याचा घोटसुद्धा, अद्याप शाळेतील नोकरमाणसांच्या मर्जीवर सोडलेली होती.

जबाबदारी वरच्याने स्वतःकडे घेतल्यास काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रात कोल्हापूरने घालून दिले. शाहू छत्रपतींनी ३० सप्टेंबर १९१९ च्या हुकुमाने अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांची मुले इतरांप्रमाणेच सर्वसाधारण सरकारी शाळांत घेण्याची आज्ञा केली. याआधी त्यांनी स्वतः निराळ्या शाळा आणि वसतिगृहे चालविली होती, तेव्हा हा बदल अनुभवाअंती केलेला होता. संस्थान लहान, राजा एकतंत्री. ब्रिटिश इलाख्याशी तुलना करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि हुकुमाचा एक परिणाम तुलनेच्या पलीकडचा आहे. कोल्हापूरच्या मास्तराला गावकऱ्यांना सांगण्यास एक उत्तर मिळाले : हुकूम महाराजांचा आहे. धारवाडच्या मास्तराजवळ १८५६ मध्ये हेच नव्हते.

ब्रिटिश मुलखात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, न्यायालये, दवाखाने यांच्याबरोबर सार्वजनिक शाळांचाही त्यात समावेश होता. अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या साहाय्यप्राप्त शाळांना अनुदान देऊ नये, असेही सरकारने त्याच वर्षी ठरविले. १८५८ मध्ये जो अधिकार राखून ठेवला होता तो वापरण्याचा नियम व्हावयास पासष्ट वर्षे लागली. बोले ठरावाची अंमलबजावणी पुन्हा स्थानिक मंडळांवर सोपविली गेली, आणि बहुतेक ठिकाणी ती झाली नाही. म्हणून ५ ऑगस्ट १९२६ रोजी दुसरा ठराव करून टाळाटाळ करणाऱ्या नगरपालिका व लोकल बोर्डे यांचे अनुदान रोखण्याची सूचना करावी लागली.

धारवाडचा अर्ज यानंतर एकदा पुन्हा उजेडात आला. २९ मे १९२८ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्यवर्गाच्या शिक्षणाविषयी एक निवेदन ठेवण्यात आले. १८५६ चा ठराव, कलकत्त्याचे पत्र, १८५८ चे उत्तर आणि हंटर आयोगाची सावधगिरी हे सर्व त्यात तारीखवार दिलेले आहे. ते निवेदन सादर करणारे बॅरिस्टर आंबेडकर होते.